बारावी गोळी, तिसरी माळ

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला सकाळी सात वाजता मी बारावी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन मोठ्या आईसमोर उभी राहिले, तर तिच्या तोंडावर पुरळ उठलेलं. नाकावर, गालांवर, हनुवटीवर, गळ्याखाली सगळीकडे लाल पुटकुळ्या. आदल्या दिवशी दोन-तीनच होत्या. तेव्हा मी म्हटलं होतं, "मोठी आई, या वयात पिंपल्स? माझे घेतलेस की काय?" आणि ती खो-खो हसली होती. त्या सकाळी मात्र कोणीच हसलं नाही. मीसुद्धा.

मोठी आई म्हणजे माझ्या पप्पांच्या थोरल्या भावाची बायको, सुवर्णा. थोरले पप्पा सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मुलगा ललितदादा पिंपळगावला कोल्ड स्टोअरेजमध्ये सुपरवायझर आहे, तिथेच राहतो आणि सुट्टीला येतो. बाकी आम्ही सगळे मखमलाबादच्या मळ्यात, एकाच घरात. झेंडू आणि शेवंती लावतो. नवरात्रात आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, पहाटेपासून तोडणी आणि दिवसभर माळा. त्यामुळे रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मोठ्या आईला गोळी द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ते मागून घेतलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. त्या दिवसांत मी सगळीच कामं मागून घेत होते. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता आणि मला वाटत होतं की आता मला जमणार नाही असं जगात काही उरलेलं नाही.

तर मी गोळी पुढे केली, आणि तेवढ्यात अक्काबाई आली. अक्काबाई शेजारच्या मळ्यातली, सत्तरीची. घटाच्या माळेला फुलं न्यायला रोज यायची. तिने मोठ्या आईकडे पाहिलं, चपला अंगणातच काढल्या आणि दोन्ही हात जोडले.

"अगं बाई बाई, आई आली! सुवर्णा, तुझ्या अंगावर आई आली!"

"काय तरीच काय, अक्का," मोठी आई म्हणाली. पण तिचा हात गालाकडे गेला.

"अगं देवी हाय ही! नवरात्रात आली, तिसऱ्या माळेला आली. दुसऱ्या कुणाच्या घरी नाय गेली, तुझ्याकडं आली. लय मान हाय तुझा. आता अकरा दिस काय करायचं नाय. फोडणी घालायची नाय घरात. उंबरा वलांडायचा नाय. आणि ते काय हे?" तिने माझ्या तळहातावरच्या गोळीकडे बोट दाखवलं. "ते आधी आत ठेव. देवी अंगावर असताना औषध? कोपंल ती!"

आईने आतून कडुलिंबाचे डहाळे आणले आणि दाराला बांधायला सुद्धा लागली. मी आईकडे पाहिलं. आईने मान वळवली.

"मोठी आई, गोळी," मी म्हटलं.

"राहू दे गं शुभी. पाण्याचीच तर गोळी हाय. पाणी तर काढलं डॉक्टरनं. अकरा दिवसांनी काय बिघडतंय?"

आणि इथेच माझी बोबडी वळली. कारण ती गोळी पाण्याची नव्हती.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण मलाही ते एकदम कळलेलं नाही.

मागच्या दिवाळीपासून मोठी आई खोकत होती. कोरडा खोकला. घसा बसलेला, आवाज पुरुषी झालेला. मी तिला चिडवायचे, "मोठी आई, तू तर बेस गिटार झालीस." मग उजव्या खांद्यात दुखायला लागलं. आम्हाला वाटलं, फुलांच्या पाट्या उचलून. मग वजन उतरलं. मग एकदा थुंकीत रक्ताची बारीक रेघ दिसली. तेव्हा एक्सरे काढला. त्यात डाग होता. त्या डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा टीबीचे जंतू नाहीत असं आलं, तरी औषधं चालूच. चार महिने. आम्ही आपले खूश, की बघा, आजार कळला. ती मात्र वाळत गेली, आणि आषाढात तिला जिना सोडा, अंगणातून ओट्यावर चढायला दम लागायला लागला.

मग ललितदादा तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. फुफ्फुसाभोवती पाणी साठलं होतं. पाठीतून सुई घालून ते काढलं, लिटरभर होतं, आणि तपासायला पाठवलं. सीटी स्कॅन झाला. स्कॅनमध्ये बघत बघत बरगड्यांमधून सुई घालून गाठीचा तुकडा काढला, त्याला बायोप्सी म्हणतात. रिपोर्ट इंग्रजीत आला आणि घरात नीट इंग्रजी वाचणारी मी. पप्पांनी तो माझ्यासमोर धरला. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला थांबले.

मी ज्या भाषणावर पहिला नंबर मिळवला होता, त्याचा विषय तंबाखूमुक्ती होता. त्यात मी हात उंचावून म्हटलं होतं, "जो धूर ओढणार नाही, त्याच्या फुफ्फुसाला कॅन्सर शिवणार नाही!" काय टाळ्या पडल्या होत्या. आणि मोठ्या आईने आयुष्यात बिडी हातात धरली नव्हती. बिडी थोरले पप्पा ओढायचे. दिवसाला दोन बंडल. ते गेले हार्टने. त्यांची फुफ्फुसं ठणठणीत आणि हिच्या फुफ्फुसात गाठ? मी हे दादाला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय माहिती, मी काय डॉक्टर आहे?" आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी मोबाइलवर वाचलं. वाचून आणखीच गोंधळले. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे दोन मोठे प्रकार, स्मॉल सेल आणि नॉन-स्मॉल सेल. म्हणजे लहान पेशींचा आणि लहान नसलेल्या पेशींचा. मग सरळ मोठ्या पेशींचा का म्हणत नाहीत? तर त्या दुसऱ्यात लार्ज सेल म्हणून आणखी एक वेगळाच प्रकार असतो! त्याशिवाय स्क्वॅमस, त्याशिवाय अ‍ॅडिनोकार्सिनोमा. मोठ्या आईचा हा शेवटचा. बिडी न ओढणाऱ्या बायकांत जास्त करून हाच सापडतो, असं लिहिलं होतं. मग मी भाषणात काय बोलले होते?

पाण्यात त्या पेशी सापडल्या, म्हणून चौथी स्टेज. म्हणून ऑपरेशन नाही. मग तुकड्याची आणखी एक तपासणी झाली, जीन्सची. ती यायला तीन आठवडे लागले. त्यात ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल सापडला, आणि डॉक्टर मॅडम दादाला म्हणाल्या, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे, कारण या बदलावर चालणारी गोळी आहे. सलाईनमधून केमो न देता रोज एक गोळी, घरच्या घरी. आता मला सांगा, चौथी स्टेज आणि चांगली बातमी, या दोन गोष्टी एका वाक्यात कशा बसवायच्या?

मोठ्या आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दादाने सगळ्यांना बसवून ठरवलं, "आईला कळलं तर ती हाय खाईल. छातीत पाणी झालंय, एवढंच." मला तर त्याने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शप्पथ घातली, कारण त्याच्या मते माझ्या पोटात काही राहत नाही. हॉस्पिटलात तिने पाटी वाचून विचारलं होतं, "ललित, ऑन्कॉलॉजी म्हंजी काय रे?" आणि हा म्हणाला होता, "छातीचं मोठं डिपार्टमेंट." घरातसुद्धा आम्ही तो शब्द उच्चारत नव्हतो. 'ते' म्हणायचो. 'ते' झाल्यापासून, 'त्या'ची फाईल.

म्हणून ती गोळी पाण्याची. आणि पाण्याच्या गोळीसाठी देवीचा कोप कोण ओढवून घेईल? मी तिच्या जागी असते तर मीही नसती घेतली.

मी दादाला फोन लावला.

"कसंही करून दे," तो म्हणाला. "रोज घ्यायचीच, असं सांगितलंय मॅडमनी."

"कसंही म्हणजे कसं? तिला खरं सांगू?"

"अजिबात नाही! शप्पथ आहे तुला."

"मग काय भाकरीत घालून देऊ?"

"तू एवढी जिल्ह्यात पहिली आलीस ना? मग पटव की! आणि नुसती देवी असेल तर... देवी असेल तर काय करायचं ते काकूला विचार." आणि त्याने फोन ठेवला.

म्हणजे त्यालाही कळत नव्हतं. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "देवीच्या बाबतीत प्रयोग नकोत गं बाई. समजा खरंच देवी असली आणि गोळीने उलटली तर?" मी म्हटलं, "आणि समजा नसली तर?" आई झेंडू ओवत राहिली. खरं सांगू? मलाही छातीठोकपणे काही सांगता येत नव्हतं. शाळेत विज्ञानात मला नव्वदच्या वर मार्क आहेत, पण दारातून आत जाताना मीही त्या डहाळ्यांना हात लावून नमस्कार केला. दोनदा.

दिवसभर बायका येत होत्या. मोठी आई पडवीत घोंगडीवर बसलेली, उशाला लिंबाचा पाला, हात मांडीवर रिकामे. तिचे हात रिकामे मी जन्मात पाहिले नव्हते. बाया वाकून पाया पडायच्या, दहीभात ठेवायच्या, नारळ ठेवायच्या. "आई, शांत हो, आमच्या लेकराबाळांवर लक्ष ठेव," असं मोठ्या आईलाच म्हणायच्या. ती ताठ बसायची. खोकला आला तरी दाबायची. तिच्या तोंडावर पुटकुळ्या होत्या आणि त्याखाली एक काहीतरी वेगळंच होतं, जे मला ओळखता येत नव्हतं.

चौथ्या माळेला तिने पुन्हा गोळी नाकारली. मी शाळेला दांडी मारली आणि 'त्या'च्या फाईलवर लिहिलेल्या नंबरला फोन लावला. अकरा वेळा एंगेज. बाराव्या वेळी एक सिस्टर बोलल्या, घाईत होत्या.

"पेशंटचं नाव? सुवर्णा... हां. काय होतंय?"

"देवी आलीय," मी म्हटलं. मग जीभ चावली. "म्हणजे पुरळ आलंय. चेहऱ्यावर आणि छातीवर."

"ताप?"

"नाही. मोजला."

"फोडांत पाणी आहे का? मोत्यासारखे दिसतात?"

मी पडवीत जाऊन, मोठ्या आईची मान वर करून, मोबाइलच्या टॉर्चने बघितलं. ती म्हणाली, "अगं काय शोधतीयेस, गुरांच्या बाजारात चाललीयेस का मला घेऊन?"

"नाहीत, पाणी नाही. मुरमांसारखे आहेत. लाल, काहींना पिवळं टोक."

"कांजिण्या वाटत नाहीत. गोळी सुरू होऊन किती दिवस झाले? बारा-तेरा? मग गोळीचंच पुरळ असणार. पुष्कळ जणांना येतं. फोटो पाठव, मॅडमना दाखवते. गोळी चालू आहे ना?"

मी पडवीतून अंगणात आले.

"हॅलो? चालू आहे ना?"

"दोन दिवस नाही घेतली."

"अरे देवा," सिस्टर म्हणाल्या. आता त्यांच्याही तोंडी देवच. "कोणी थांबवायला सांगितली? हे बघ, उद्या सकाळी घेऊन ये पेशंटला."

अर्ध्या तासाने मेसेज आला. मॅडम म्हणतात औषधाचं पुरळ दिसतंय, सौम्य आहे, उद्या नक्की या, पाला-बिला चोळू नका.

आता मला कळलं होतं की ते पुरळ कशाचं आहे. पण त्याने काय होणार होतं? मोठ्या आईला उंबऱ्याबाहेर काढायचं तर कारण सांगायला हवं, आणि खरं कारण सांगायचं तर शप्पथ मोडायला हवी, आणि शप्पथ मोडली तर दादा म्हणतो तशी ती हाय खाऊन... मी फुलांच्या ढिगाशेजारी बसून पाच-सहा वाक्यं तयार केली. भाषणाला करते तशी. सुरुवात, मध्य, शेवट.

दुपारी दोनच्या सुमाराला बायका पांगल्या. आई मळ्यात होती. मी जाऊन बसले आणि सगळी वाक्यं विसरले.

"मोठी आई, ती गोळी पाण्याची नाही."

"मग कशाची?"

"गाठीची. तुझ्या उजव्या फुफ्फुसात गाठ आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "साधी?"

"नाही."

"गावातल्या सिंधूवैनीला छातीत झाली व्हती तसली?"

"तसली. म्हणजे ती वेगळी, ही वेगळी. पण तसलीच."

बाहेर पंपाचा आवाज चालू होता. मी रडणार नव्हते, पण नाक वाहायला लागलं.

"टीबी नव्हता मग."

"नव्हता."

"चार महिने ढेकळं गिळल्यागत गोळ्या गिळल्या मी," ती म्हणाली. "कुणाकुणाला म्हायतीये?"

"घरात सगळ्यांना."

"तुझ्या पप्पांना? जाऊबाईला? ललितला?"

"त्यानेच ठरवलं."

"आणि अक्काबाईला?"

"नाही, तिला नाही."

"काय सांगती! म्हंजी मळ्यात ठाऊक नसलेल्या दोघीच. मी आन् अक्का." ती हसली, पण ते हसू मला आवडलं नाही. मग एकदम तिचा आवाज चढला, त्या बसक्या घशातून चढेल तेवढा. "माझ्या अंगातली गाठ आन् मलाच ठाऊक नाय? पोराटोरांना समद्यांना ठाऊक! मी कोण, घरातली गाय हाय का? तिचं असंच दुसऱ्याला विचारत्यात डॉक्टर, चारा खाती का!"

"मोठी आई, पुरळ पण गोळीमुळेच आलंय. देवी नाही. सिस्टर म्हणाल्या. उद्या यायला सांगितलंय."

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. कारण देवी नाही म्हणजे गोळी घ्यायला मोकळी! पण तिचा चेहरा आत्ता पडला. गाठीचं सांगितलं तेव्हा नव्हता पडला, आत्ता पडला.

"नक्की देवी नाय?"

"नाही."

तिने समोरच्या नारळांकडे पाहिलं. "सहा वर्षं झाली तुझे थोरले पप्पा जाऊन. नवरात्रात ओटी भरायला बाया याच दारातनं जातात. मी माळ करून द्यायची आन् आत सरकायचं. काल त्याच बाया माझ्या पायावर डोकं ठेवत व्हत्या गं शुभी. मला वाटलं, आली बाई कुणीतरी माझ्याकडं."

मी तिच्या पायाशी बसून राहिले, आणि तिने थोड्या वेळाने माझ्या डोक्यात हात घालून केस विस्कटले.

"उद्या रिक्षा सांग," ती म्हणाली. "पण गोळी तुझ्या हातनं नाय घेणार आता. तू पण बाराच दिवस खोटं बोललीस. त्या बाईच्या तोंडनं ऐकीन, मग बघीन."

पाचव्या माळेला सकाळी आई दारात आडवी उभी राहिली. "वहिनी, उंबरा..."

"सर गं," मोठी आई म्हणाली, आणि डहाळ्यांखालून वाकून बाहेर पडली. मला वाटलं होतं ती थांबेल, नमस्कार करेल. नाही केला. की केला आणि मला दिसला नाही?

डॉक्टर मॅडम माझ्या कल्पनेपेक्षा लहान दिसत होत्या. त्यांनी आधी पुरळ तपासलं, मग पाठीला स्टेथोस्कोप लावला, मग माझ्याकडे बघून विचारायला सुरुवात केली, "यांना भूक लागते का?"

"मला विचारा," मोठी आई म्हणाली. "मी इथंच बसलीये. आन् मला सगळं सांगा. काय झालंय, कोणत्या जातीचं झालंय, किती झालंय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सगळं?"

"समदं."

मग त्यांनी कागदावर दोन फुफ्फुसं काढली आणि पहिल्यांदाच तो शब्द सरळ उच्चारला. सुवर्णाताई, तुम्हाला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. त्यांनी दोन जाती सांगितल्या. एक लहान पेशींची, ती फार वेगाने पसरते, तिला केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन. दुसरी तुमची, तिच्यात पोटजाती. गाठ फुफ्फुसापुरती असती तर ऑपरेशन केलं असतं. तुमच्या पाण्यात पेशी सापडल्या, म्हणून सगळ्या अंगभर पोचणारं औषध लागतं. ते म्हणजे ही गोळी.

"मी बिडी ओढली नाय कधी."

"माहीत आहे. न ओढणाऱ्यांनाही होतो. चूल होती का घरात?"

"तीस वर्षं गड्यांच्या भाकरी चुलीवरच केल्या."

"आणि घरात कोणी ओढणारं?"

मोठ्या आईने माझ्याकडे पाहिलं. "आमचे हे."

"चुलीचा धूर, दुसऱ्याच्या बिडीचा धूर, यांनी धोका वाढतो. पण तुम्हाला नेमका त्यानेच झाला, असं मी नाही म्हणू शकत. काही वेळा कारण सापडतच नाही."

डॉक्टरसुद्धा 'माहीत नाही' म्हणतात, हे मी तोपर्यंत कधीच ऐकलं नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

"बरी व्हईन का?"

"गोळी तो मुळापासून काढत नाही. आटोक्यात ठेवते, दम कमी होतो, वजन वाढतं. कुणाला वर्षभर चालते, कुणाला पुष्कळ जास्त. मग कधीतरी ती पुरत नाही, तेव्हा पुन्हा तपासून दुसरं औषध बघतो. तीन महिन्यांनी स्कॅन करू, मग कळेल तुम्हाला किती लागू पडली."

"आन् हे तोंडावरचं?"

"ते औषधाचं आहे. गोळी ज्यांना लागू पडते त्यांच्यात ते बऱ्याचदा दिसतं. पण दिसलं म्हणजे लागू पडलीच, अशी खात्री नाही. मलम देते, उन्हात जाऊ नका, लिंबाचा पाला चोळू नका. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, आजपासून रोजची एक. जुलाब झाले, खोकला किंवा दम अचानक वाढला, तर लगेच फोन."

मोठी आई विचारात पडली. मग जरा पुढे सरकून, हळू आवाजात म्हणाली, "आन् मॅडम, समजा दोन्ही असलं तर? गोळीचं पण आन् देवी पण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मॅडम हसल्या नाहीत. "असेना. देवीला तिचा नैवेद्य द्या. गोळी तिच्याआड येत नाही. पुरळ आलं, काहीही आलं, तरी मला विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही. एवढं एकच लक्षात ठेवा."

मोठ्या आईने पिशवीतून स्वतःच पाकीट काढलं, फोडून गोळी काढली आणि माझ्या बाटलीतल्या पाण्याने तिथेच गिळली. बारावी.

घरी आलो तर अंगणात दादाची बाईक; आईनेच फोन करून बोलावलं असणार. तो ओट्यावर उभा, लाल झालेला. आई त्याच्या मागे. आणि पडवीत अक्काबाई, ओटीचं ताट घेऊन, रिकाम्या घोंगडीकडे बघत बसलेली.

"तुला शप्पथ घातली होती!" दादा माझ्यावरच आला. "पोटात काही राहतं का तुझ्या?"

"तिला काय बोलतो? मला बोल," मोठी आई म्हणाली. दादाने बाहीने डोळे पुसले, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की पंचवीस वर्षांचा माणूससुद्धा असा दिसू शकतो.

"सुवर्णा, अगं उंबरा वलांडलास?" अक्काबाई उठली. "आई अंगावर असताना?"

"अक्का, आई नाय ही. गोळीचं पुरळ हाय."

"कशाची गोळी?"

मोठ्या आईने दादाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. दादाने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"कॅन्सरची," तो म्हणाला. आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला आणि आईने कारण नसताना पदर सावरला.

अक्काबाईच्या हातातलं ताट तसंच अधांतरी. ते ठेवावं की परत न्यावं, तिला कळेना. खण, नारळ, हळदीकुंकू. "कॅन्सर? पण तू तर... तू कुठं बिडी ओढती?"

"तसं नसतंय ते. ते ताट ठेवती का नेती? न्यायचं तर ने, मला राग नाय. ठेवायचं तर ठेव, आन् बस. सांगते."

अक्काबाईने दारातल्या डहाळ्यांकडे बघितलं, दादाकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं, जणू मी सांगणार होते. मग ताट घोंगडीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी खाली बसली. तिने ते मोठ्या आईसाठी ठेवलं की नुसतं हात अवघडले म्हणून, ते मला अजून माहीत नाही.

"दोन जाती असत्यात," मोठ्या आईने सुरुवात केली. "एक बारीक पेशीची. ती शहाण्यासारखी हळू चालती. दुसरी मोठ्या पेशीची..."

उलटं होतं. बारीक पेशींचीच तर वेगाने पसरते! आणि दुसरी मोठ्या पेशींची नाही, लहान नसलेल्या पेशींची. माझ्या जिभेवर आलं होतं. मग ती जीनचं सांगायला लागली आणि तेही उलटसुलट सांगितलं. अक्काबाई मान डोलवत होती. दादा खाली बसून कान देऊन ऐकत होता, आणि मला तेव्हा लक्षात आलं, की फाईल सगळी त्याच्याकडे होती, पण त्यातलं निम्मं त्यालाही कधी समजलं नव्हतं. मी काही बोलले नाही. फक्त एकदा, गोळी थांबवायची नसते हे ती विसरते की काय, म्हणून मी पुढे सरकले.

"आन् एक हाय, अक्का," मोठी आई म्हणाली. "पुरळ येऊ दे, देवी येऊ दे, नाय तर तू स्वतः दारात येऊन उभी राहा. डॉक्टरला विचारल्याबिगर गोळी बंद नाय."